चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि दर आठवड्याला दारात येणारी बाई

चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आपल्याकडे पोराला जुलाब लागले की आजी मीठ-साखरेचं पाणी द्यायची ना, तेच हे, फक्त साखरेच्या जागी गूळ, कारण १९८० च्या सुमारास बांगलादेशातल्या खेड्यात साखर महाग आणि गूळ घरोघरी. हे पाणी करायला शिकवायला तिथल्या एका समाजसेवी संस्थेची बाई घरी यायची. अंगणात बसायची, घरातलंच भांडं मागून घ्यायची, त्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची कारण प्रत्येक घरचं भांडं वेगळं, आणि मग तीन बोटांची चिमूट म्हणजे किती आणि मूठ म्हणजे किती हे त्या आईच्याच हातून करून घ्यायची.

इथपर्यंत कुठलीही संस्था करेल. पुढचं ऐका. काही आठवड्यांनी त्याच गावात दुसराच माणूस यायचा, शिकवलेल्या घरांपैकी काही घरं चिठ्ठी काढल्यासारखी निवडायचा आणि त्या आईला म्हणायचा, सांगा बघू काय शिकलात, करून दाखवा. आईच्या जितकं लक्षात राहिलं असेल तितके पैसे त्या शिकवणाऱ्या बाईला. किती घरं केली यावर पगार नाही, समोरच्या बाईच्या डोक्यात किती उतरलं यावर पगार.

ही संस्था म्हणजे ब्रॅक. जगातल्या सगळ्यात मोठ्या समाजसेवी संस्थांमधली एक, आणि आपल्या शेजारच्याच देशातली, तरी मराठीत तिच्याबद्दल फार कमी वाचायला मिळतं. "गरिबी हटवणाऱ्या आणि मुलांना शिकवणाऱ्या" संस्थांचे फोन, मेसेज आपल्याला येतच असतात, आपण कधी पाचशे-हजार देतोही, पण मग तिकडे गावात प्रत्यक्ष होतं काय हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून म्हटलं एकच संस्था घेऊ आणि तिचं काम आतून कसं चालतं ते सोप्या भाषेत बघू.

गुळाच्या पाण्याचीच गोष्ट आधी पुरी करते. परत तपासायला गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली की आयांना सगळं तोंडपाठ आहे पण पोराला जुलाब झाले की पाणी देणाऱ्या आया फार थोड्या. असं का? तर परत गावात जाऊन शोधलं. कळलं की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या, आणि समोरच्या आईला ते न सांगता कळायचं. मग या बायकांना ढाक्याला जुलाबाच्या संशोधनाचं मोठं हॉस्पिटल आहे तिथे नेलं, मीठ-पाण्यावर माणूस कसा उठून बसतो ते डोळ्यांनी दाखवलं, आणि त्यानंतर त्या घरोघरी शिकवताना ते पाणी आधी स्वतः घोटभर प्यायला लागल्या. दुसरं कळलं ते हे की घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, बाहेरची बाई येऊन आपल्या बायकोला काय शिकवते म्हणून ते नाराज. मग पुरुष कार्यकर्ते बाजारात, मशिदीत जाऊन बोलायला लागले. असं करत करत १९९० पर्यंत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. सव्वा कोटी घरं, एकेक करून, पायी.

(या मीठ-साखरेच्या पाण्याचं नातं आपल्या देशाशीही आहे. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच तोंडाने द्यायचं द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.)

तर ही संस्था काढणारा माणूस फजले हसन आबेद. जन्म १९३६, सिल्हेट भागातलं बानियाचंग गाव. शिक्षण अकाउंट्सचं, नोकरी शेल या तेल कंपनीत, चितगावच्या ऑफिसात फायनान्सचा मोठा अधिकारी. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळ आलं, काही लाख माणसं गेली, आणि आबेद मित्रांना घेऊन मनपुरा नावाच्या बेटावर मदतीला गेले. ते बघितल्यावर ऑफिसातल्या आयुष्यात मन रमेना असं त्यांनी नंतर सांगितलंय. मग १९७१ चं युद्ध, त्या काळात ते लंडनला जाऊन बांगलादेशसाठी पैसे आणि पाठिंबा गोळा करत होते, आणि देश स्वतंत्र झाल्यावर लंडनमधला स्वतःचा फ्लॅट विकून ते परत आले आणि १९७२ मध्ये सिल्हेट भागातल्या शाल्ला नावाच्या ठिकाणी काम सुरू केलं. तिथे भारतातल्या छावण्यांमधून लोक परत येत होते आणि घरं जळालेली, बैल गेलेले, होड्या-जाळी गेलेली. सुरुवातीला ऑक्सफॅमसारख्या परदेशी संस्थांनी पैसे दिले.

शाल्लात त्यांनी घरं बांधली, होड्या दिल्या, आणि मोठ्या उत्साहाने प्रौढ साक्षरतेचे वर्ग काढले. सुरुवातीला गर्दी झाली आणि काही महिन्यांत बहुतेकांनी येणं सोडलं. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला रात्री कंदिलाखाली अ-आ-इ गिरवण्यात काही मिळत नव्हतं, पुस्तकात त्याच्या आयुष्यातलं काही नव्हतं. मला या माणसाचं सगळ्यात जास्त काय आवडतं तर हे, की तो लोकांना आळशी म्हणाला नाही, पुस्तक बदललं. नंतर दहा गावांचा नीट अभ्यास करून हेही शोधलं की गावात आलेली मदत, धान्य, जमीन नेमकी कुणाच्या हातात जाते. म्हणजे "गावाला मदत" असं काही नसतंच, गावात सावकार पण असतो आणि त्याच्या शेतावर राबणारा पण, आणि मदत गावाच्या नावाने आली की ती आधी कुणाच्या ओसरीवर उतरते हे आपल्याला सांगायला नको. तिथून पुढे ब्रॅकने ठरवलं की भूमिहीन लोक आणि त्यातही बायका, यांच्याबरोबरच काम करायचं.

आता शाळा. १९८५ मध्ये मानिकगंज भागात २२ शाळांपासून सुरुवात झाली, आणि तीही बायकांच्या मागणीवरून, की आम्हाला शिकवताय ते बरं आहे पण आमच्या पोरांचं काय. ही पोरं म्हणजे आठ ते दहा वर्षांची, कधी शाळेत न गेलेली किंवा सोडून दिलेली. सरकारी शाळा होत्या, पण लांब, आणि शाळेची वेळ म्हणजे नेमकी गुरं राखायची, धाकट्या भावंडाला सांभाळायची वेळ.

ब्रॅकची शाळा म्हणजे गावातलीच भाड्याने घेतलेली एक खोली. बांबूच्या किंवा मातीच्या भिंती, वर पत्रा, खाली चटया. तीसेक मुलं, त्यात दोन तृतीयांशांहून जास्त मुली, हे मुद्दाम ठरवून. शिकवायला एकच बाई, आणि तीच बाई त्याच मुलांना पहिलीपासून शेवटपर्यंत. वेळ रोज अडीच-तीन तास, आणि कुठले अडीच तास हे आईवडिलांनी बसून ठरवायचं. सकाळी लवकर म्हणाले तर लवकर, आणि सुट्ट्या सुगीच्या हिशेबाने. आपल्याकडे वस्तीशाळा होत्या, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा होत्या, त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे चित्र पटकन डोळ्यासमोर येईल.

शिक्षिका कोण? त्याच गावातली लग्न झालेली बाई, नववी-दहावी शिकलेली. लग्न झालेलीच का, तर लग्न न झालेली मुलगी दोन वर्षांनी सासरी जाणार आणि शाळा बंद पडणार. बाहेरून बीएड झालेली आणली तर ती शहराकडे बघत राहणार. मग जी बाई गावात कायमची राहणार आहे तिलाच तयार करायचं, सुरुवातीला जेमतेम दोन आठवड्यांचं ट्रेनिंग, पण त्यानंतर दर महिन्याला एक दिवस सगळ्या शिक्षिका एकत्र बसणार, पुढच्या महिन्यात काय शिकवायचं, कुठे अडलं ते बघणार, आणि संस्थेचा माणूस वरचेवर शाळेत डोकावून जाणार. लोक विचारतात दहावी झालेली बाई काय शिकवणार, पण मला वाटतं लांबून येणाऱ्या आणि निम्मे दिवस न येणाऱ्या पदवीधरापेक्षा रोज येणारी, प्रत्येक पोराची आई ओळखणारी बाई जास्त शिकवते, आणि एखादं पोर दोन दिवस आलं नाही की ती संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन विचारते, कारण घर चार दारं सोडून असतं.

१९९० च्या दशकात या शाळा ३० हजारांच्या वर गेल्या, आणि आजवर एक कोटीहून जास्त मुलं ब्रॅकच्या शाळा-बालवाड्यांतून शिकून बाहेर पडलीत. २०११ मध्ये आबेदना वाइज हा शिक्षणातला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सुरू झाला तेव्हाचा पहिलाच मानकरी. दुसऱ्या वर्षी, २०१२ ला, तोच पुरस्कार आपल्या माधव चव्हाणांना मिळाला, मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम'साठी. दोन्ही कामांमागचा विचार पुष्कळसा एकच, वस्तीतलीच बाई, वस्तीतलीच खोली आणि मूल कुठे आहे तिथून सुरुवात.

आता शाळा काढली आणि फी नाही, पुस्तकं फुकट, तरी काही घरातली पोरं येतच नाहीत. त्यासाठी मी जरा माझ्या घरातलं सांगते.

माझी आई पंधरा वर्षं गावातल्या बचत गटाची सचिव होती. मीटिंग आमच्याच ओट्यावर व्हायची. आमच्या घरामागे एक काकू राहायच्या, नवरा वारलेला, दोन पोरं, धुणीभांडी करायच्या. त्या कधी गटात आल्या नाहीत. मीटिंग असली की पलीकडे कडुनिंबाखाली बसून राहायच्या, ऐकायच्या सगळं, पण ओट्यावर चढायच्या नाहीत. आईने एकदा विचारलं तर म्हणाल्या, वहिनी, दर महिन्याला शंभर रुपये कुठून आणू, आणि एखाद महिना चुकला तर तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघाल. त्यांचा थोरला मुलगा सहावीतच हॉटेलात कपबश्या विसळायला लागला होता.

नेमकं हेच ब्रॅकला त्यांच्या गावांत दिसलं. १९७४ पासून त्यांचं छोट्या कर्जांचं काम चालू होतं, लाखो बायका गटात होत्या, पण सगळ्यात तळाच्या बायका गटात नव्हत्याच. एकतर त्यांनाच हप्त्याची भीती, आणि दुसरं म्हणजे गटातल्या बाकीच्या बायका त्यांना घेत नव्हत्या, हिने हप्ता बुडवला तर आपल्याला भरावा लागेल म्हणून. कर्जाने थोड्या गरीब माणसाला फायदा होऊ शकतो, पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या डोक्यावर ते नुसतं ओझं होतं, हे एवढ्या मोठ्या कर्ज देणाऱ्या संस्थेने स्वतः कबूल केलं, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

मग २००२ मध्ये त्यांनी अतिगरीब घरांसाठी वेगळाच कार्यक्रम सुरू केला. त्याची मूळ पद्धत कशी होती बघा. आधी गावातले लोक अंगणात जमतात आणि जमिनीवर अख्ख्या गावाचा नकाशा काढतात, विहीर कुठे, मशीद कुठे, कुणाचं घर कुठे. मग प्रत्येक घराचं एकेक कार्ड, आणि लोकच ती कार्डं ढिगांमध्ये लावतात, हे बरे, हे मध्यम, हे गरीब, हे अगदीच हलाखीतले. कोण उपाशी झोपतं हे कुठल्याही सर्व्हेच्या फॉर्मपेक्षा शेजारणीला जास्त माहीत असतं. मग संस्थेचा माणूस शेवटच्या ढिगातल्या घरी जाऊन खात्री करतो. जमीन दहा 'शतक' या तिकडच्या मापाहून कमी, म्हणजे आपले चार गुंठे. घरात धडधाकट कमावता पुरुष नाही. बाई धुणीभांडी करते नाहीतर मागून खाते. कमाईचं काही साधन नाही. शाळेच्या वयाचं पोर कामावर जातं. अशा चार-पाच खुणा ठरवलेल्या, त्यातल्या काही जुळल्या पाहिजेत, आणि कुठल्या गटाचं कर्ज घेतलेलं असेल तर ते घर यात धरत नाहीत.

निवडलेल्या बाईला कर्ज नाही, थेट गाय किंवा बकऱ्या किंवा कोंबड्या. पण गाय काय दुसऱ्या दिवशी पैसे देत नाही, तिला चारा लागतो, ती आजारी पडते, आणि घरात खायला नसेल तर बाई गायच विकणार, तिचा दोष नाही त्यात. म्हणून काही महिने हातखर्चाला थोडे पैसे. गुरं कशी सांभाळायची त्याचं ट्रेनिंग. घरात कुणी आजारी पडलं तर औषधाची सोय, कारण एका आजारपणात गाय जाते. थोडी थोडी बचत. गावातल्या चार वजनदार लोकांची एक कमिटी, म्हणजे कुणी तिची बकरी पळवली, कुणी तिला हुसकावलं तर बोलायला माणूस. आणि या सगळ्यावर, दोन वर्षं, दर आठवड्याला संस्थेची बाई तिच्या दारात. येणार, बसणार, गाय कशी आहे विचारणार, बचतीचे पैसे मोजणार, सही करायला शिकवणार, पोर शाळेत का गेलं नाही ते विचारणार.

बांगलादेशात अशी वीस लाखांहून जास्त घरं झाली. लोकांनी यावर अभ्यासही पुष्कळ केले. १,३०९ गावांमधला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात दिसलं की बायका दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी आणि रोजंदारी कमी करून स्वतःच्या गुरांकडे वळल्या, कमाई वाढली, आणि कार्यक्रम संपल्यावरही ती टिकली. त्याआधी २०१५ मध्ये सहा देशांतला अभ्यास आला होता, इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू, तिथल्या तिथल्या संस्थांनी हाच कार्यक्रम करून बघितला आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती घेतली. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. (अभिजित यांची आई मराठी, माहेरच्या पाटणकर.) बहुतेक देशांत लोक आधीपेक्षा चांगलं खात होते, बचत होती, गुरं होती. होंडुरासमध्ये मात्र बऱ्याच घरांनी कोंबड्या घेतल्या, रोग आला, कोंबड्या मेल्या आणि सगळं खाली बसलं. त्यामुळे कुणी सांगितलं की हा रामबाण उपाय आहे तर विश्वास ठेवू नका. पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद भागात बंधन या संस्थेने हे केलं होतं, त्या घरांकडे दहा वर्षांनी परत जाऊन बघितलं तर फरक टिकून होता, पण गाय तीच नव्हती. कुणी छोटा धंदा टाकला होता, कुणाच्या घरातला मुलगा बाहेरगावी जाऊन पैसे पाठवत होता.

ब्रॅक २००२ मध्ये पहिल्यांदा देशाबाहेर गेली, अफगाणिस्तानला, मग श्रीलंका, युगांडा, टांझानिया, लायबेरिया, सिएरा लिओन. बांगलादेशी माणसं गरीब आफ्रिकी देशात जाऊन काम उभं करतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी स्वतःच्या गावात तेच हाल पाहिलेत. पण तिकडे जाऊन सगळं जसंच्या तसं लावता येत नाही. युगांडात मुलींची अडचण वेगळी होती, लहान वयात गरोदरपण आणि मग शाळा बंद. म्हणून तिथे मुलींचे क्लब काढले, गावात एक खोली, शाळा सुटल्यावर जमायचं, नाच, खेळ, गप्पा, त्याच वयाची थोडी मोठी मुलगी प्रमुख, शरीराबद्दलची माहिती आणि शिवण-केशभूषा असं काहीतरी हातातलं काम. तिथल्या अभ्यासात लहान वयातली गरोदरपणं आणि लग्नं चांगलीच कमी झालेली दिसली. सिएरा लिओनमध्ये २०१४ ला इबोला आला, शाळा बंद पडल्या, आणि शाळा उघडल्यावर तिथल्या सरकारने गरोदर मुलींना वर्गात यायलाच बंदी केली जी २०२० पर्यंत होती. ज्या गावात क्लब होते तिथल्या जास्त मुली शाळेत परतल्या. एक खोली आणि एक ताई, बस.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत होते. तिने मध्येच थांबवून विचारलं, "अगं ते सगळं खरं, पण ती दर आठवड्याला येणारी मुलगी, तिचा पगार कोण देतं?"

हाच खरा प्रश्न आहे. देणगी देणाऱ्याला गाय द्यायला आवडते, दप्तर द्यायला आवडतं, कारण त्याचा फोटो निघतो. सायकलवरून पंधरा-वीस घरं फिरणाऱ्या मुलीच्या पगाराला पैसे द्यायला फारसं कुणी पुढे येत नाही, त्याला "वरचा खर्च" म्हणतात. आणि खरं तर सगळं काम तोच खर्च करतो.

ब्रॅकने याचं उत्तर स्वतःचे उद्योग काढून शोधलं. १९७८ मध्ये आरोंग सुरू झालं, खेड्यातल्या बायकांचं कांथा भरतकाम, रेशीम, मातीची भांडी विकणारं दुकान. आधी शहरातले दुकानदार माल घेऊन पैसे महिनोन् महिने थकवायचे, बायका खेटे घालून थकायच्या, तर आरोंगने माल दिला की लगेच पैसे द्यायला सुरुवात केली. आज ढाक्यात ते मोठं नाव आहे. पुढे दूध डेअरी आली, बँक आली, युनिव्हर्सिटी आली. उद्योग आणि छोट्या कर्जांच्या व्याजातून खर्चाचा मोठा हिस्सा निघतो. यावर टीकाही होते आणि ती ऐकण्यासारखी आहे. गरिबाला दिलेल्या कर्जाच्या व्याजावर संस्था चालवणं कितपत बरोबर, आणि एवढी मोठी संस्था झाली की ती सरकारच्या जागी जाऊन बसते, तिला जाब कोण विचारणार. आणि सगळं काही उद्योगांतून निघत नाही. शाळा पुष्कळशा परदेशी निधीवर होत्या, तो आटला तसे फुकट वर्ग कमी झाले आणि काही ठिकाणी थोडी फी घ्यायला लागले. ज्या घरातून आधी मूल येत होतं त्यातली काही घरं ती थोडी फीही देऊ शकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आईला मी हेही सांगितलं की आपल्याच देशात, बिहारमध्ये, हा पगार आता सरकार देतं. २०१६ मध्ये तिथे दारूबंदी झाली, देशी दारू आणि ताडी विकून पोट भरणारी घरं उघड्यावर आली, तेव्हा २०१८ मध्ये जीविका या सरकारी संस्थेमार्फत सतत जीविकोपार्जन योजना सुरू झाली, सरळ याच पद्धतीवर. बाईला दुकान किंवा बकऱ्या, सुरुवातीचे काही महिने हातखर्च, आणि घरी येऊन बघणारी व्यक्ती, तिला तिकडे एमआरपी, म्हणजे मास्टर रिसोर्स पर्सन म्हणतात.

आईने एवढंच विचारलं, "मग ती तिला गटाच्या मीटिंगला सोबत नेते का?"

नेते. त्या बाईला बचत गटात बसवणं हा त्या योजनेचाच भाग आहे.